पश्चिमेची भिंत माझी होती, बाळाराम

बाळाराम,

तुझ्या दहाव्याला नदीकाठी प्रवचन संपलं आणि कुणीतरी माझ्या हातात माइक दिला. तुमच्या जांभूळ गावात दशक्रियेला आलेल्या चार जाणत्यांनी गेलेल्या माणसाबद्दल दोन शब्द बोलायची रीत आहे. सरपंच बोलले, तुझे एक व्याही बोलले, मग आवाज आला, "कॉलेजचं सायेब आलंत, त्यांना बोलू द्या." मी उठलो. बाळाराम मिस्त्री मोठा कारागीर होता, म्हणालो. प्रामाणिक होता, माणसं जोडणारा होता, त्याच्या जाण्यानं मोठी पोकळी निर्माण झाली आहे. एवढं बोलून माइक परत दिला आणि सतरंजीवर येऊन बसलो. शेजारच्या गृहस्थांनी माझ्याकडे पाहून "छान बोललात" अशी मान हलवली. ती मान मला अजून टोचते आहे.

बोलायचं होतं ते एकच वाक्य होतं. ज्या भिंतीचा ठपका वीस वर्षं तुझ्या नावावर आहे, ती भिंत तू बिघडवली नव्हतीस. मी बिघडवली होती.

ते राहिलं, म्हणून आता लिहितो आहे. अंबरनाथ पूर्वेला, आमच्या सोसायटीच्या दुसऱ्या मजल्यावर, दुपारची वेळ आहे. तू मला साहेब म्हणायचास आणि मी तुला अरे-तुरे करायचो. खरं तर तू माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. हे आज लिहिताना लक्षात येतं आहे, आणि आता एकदम अहो-जाहो करायला गेलो तर तुला वाटेल, साहेब दुसऱ्याच कुणाशी बोलतायत.

हे तुझ्याखेरीज आणखी काही जणांनी वाचावं असं मला वाटतं, म्हणून तुला ठाऊक असलेल्या गोष्टीही लिहितो. उल्हासनगरच्या कॅम्पातलं आमचं कॉलेज दोन बराकींत भरायचं. लढाईच्या काळात शिपायांसाठी बांधलेल्या त्या बराकी. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लोकांनी तिथे आधी संसार मांडले, मग शाळा काढली, मग कॉलेज. एक लांब बराक वर्गांची, एक आखूड लायब्ररीची. जाड विटांच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, आणि छपराच्या माथ्यावर गरम हवा निघून जायला या टोकापासून त्या टोकापर्यंत उघडी फट, तिच्यावर पुन्हा छोटं छप्पर. मे महिन्यात पंख्याशिवाय बसता येईल अशी कॅम्पात मला तेवढीच जागा माहीत होती. मी त्या संस्थेचा इमारतींचा इंजिनिअर. गळती, गटार, रंग, बाकं, सगळं माझ्याकडे.

बराकी जुन्या झाल्या तेव्हा संस्थेत दोन तट पडले. जुने प्राध्यापक म्हणायचे, एका विटेला हात लावायचा नाही, हा इतिहास आहे. सेक्रेटरी पेसूमलजी म्हणायचे, इतिहास गळतो आहे, पाडा आणि चार मजली बांधा. प्राचार्यांनी मधला मार्ग काढला. लांब बराक दुरुस्त करू, पण मूळ बांधणीच्या पद्धतीनं. विजेचा खर्च नको, पाडापाडी नको, मुलांना गारवा मिळेल. चुन्याचं काम करणारा माणूस शोधायचं माझ्यावर आलं. कुणीतरी तुझं नाव सांगितलं.

पहिल्या दिवशी तू भिंतीला खिळ्यानं ओरखडा काढलास, निघालेली भुकटी जिभेवर ठेवलीस आणि थुंकलास.

"सायेब, ही चुन्याची हाय. हिला चुनाच लागंल. शिमिट लावलं तर वल आत कोंडंल."

"ओल येऊच दिली नाही तर?"

"ती जमिनीतून येनार. तिला आरवनारं तुमी कोन? ती येनार, भितीतून वर चरनार, वाऱ्यानं सुकून जानार. तिची वाट बंद नाय करायची, बस."

तुमच्या बोलीत ड-ढचा र होतो, 'चढणार'चं 'चरनार'; पण डिप्लोमाच्या तीन वर्षांत मला हे इतक्या सोप्या भाषेत कुणी सांगितलं नव्हतं. तू आवारात खड्डा खणून घेतलास, भाजलेली चुनखडी विझवलीस, महिनाभर पाण्याखाली मुरत ठेवलीस. चुन्यात मिसळायला हरड्याचं पाणी, गूळ, सगळं तुझ्या देखरेखीखाली. गेटवरच्या वॉचमनला तू दम भरला होतास, आत सिमेंटची गोणी आली तर मी हत्यारं धुतो. हत्यारं धुतली म्हणजे मिस्त्रीनं काम सोडलं, एवढं मला ठाऊक होतं. पेसूमलजींना याची गंमत वाटायची. खड्ड्याच्या काठावर उभं राहून ते म्हणायचे, "साईं, चूना तो पान में लगता है. दीवार में सीमेंट लगाओ."

"शेठ, पानातला थुकून टाकायचा. भितीतला नातवंरांना ठेवायचा."

"अरे, ये मिस्त्री तो शायर निकला!" पेसूमलजी पोट धरून हसले होते.

आधी नमुना म्हणून तू लायब्ररीच्या बराकीची एक भिंत करून दाखवलीस. पंधरा दिवस घोटत होतास ती. झाल्यावर मी तळवा टेकवला, तर माठाला हात लावावा तशी गार. प्राचार्यांनी तिथल्या तिथे लांब बराकीच्या कामाला मंजुरी दिली. त्या भिंतीसमोर पुढे पुस्तकांची कपाटं लागली आणि आम्ही सगळे ती विसरून गेलो.

आपली भांडणं व्हायची ती दुपारी, लिंबाखाली. तुझ्या डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी, माझ्या डब्यात पोळी-भाजी, आणि मध्ये वाद. तुला पूर्वेच्या भिंतीत दोन नव्या खिडक्या पाडायच्या होत्या. मी म्हणालो, "नाही. मूळ रचना बदलायची नाही, ऐतिहासिक आहे ती."

"त्या गोऱ्यानं बांधली तवा त्याला घाई व्हती, सायेब. लराईला चालला व्हता. त्यानं वारा मागच्या बाजूला सोरला नाय, ते आपन सोरू. मानूस म्हातारा झाला तरी त्याला चष्मा लावून देतात ना?"

"चष्मा वेगळा आणि डोळा काढून नवा बसवणं वेगळं."

"मंग तुमी फुलं वाहा तिला. शाला भरवू नका."

तू जुन्याच्या पाया पडणारा नव्हतास. जुनं आहे म्हणून ठेवू नका, कामाचं आहे म्हणून ठेवा, आणि कामाचं राहावं म्हणून लागेल ते बदला, असं तुझं म्हणणं होतं. मी मात्र कागदावरच्या माणसासारखा दोन टोकांवर असायचो. आज पूजा, उद्या पाडापाडी. तो वाद आपला मिटलाच नाही.

मे महिन्यात लांब बराकीची पश्चिमेची भिंत तेवढी उरली होती. तिला गिलावा चढून दोन दिवस झाले होते आणि तुझ्या वनिताचं लग्न आलं. पत्रिका देताना म्हणालास, "सायेब, लग्नाला नाय आलं तरी चालंल, हलदीला यायचंच." जाताना बजावलंस, "चार दिस काम बंद. गोनपाटावर पानी मारत रावा. बाकी कुनी हात लावायचा नाय." तुझी टोळी म्हणजे सगळे भाऊबंद. हळदीला सगळेच गेले.

दुसऱ्या दिवशी पेसूमलजी आले. जूनच्या मध्यावर उद्घाटन ठरलं होतं, पाहुण्यांना आमंत्रण गेलं होतं. भिंत ओली, करडी, तिच्यावर गोणपाटं लटकलेली.

"साईं, ये कब सूखेगी?"

मी म्हणालो, चुन्याला वेळ लागतो. ते हसले नाहीत. म्हणाले, "आपसे नहीं होता तो बोलो. कल्याण का एक ठेकेदार तैयार बैठा है. फिर संस्था को इंजिनिअर का भी क्या काम?"

बाळाराम, माझी भीती एवढीच होती. पंचावन्नाव्या वर्षी नोकरी जाईल. कुणी माझ्या गळ्यावर सुरी ठेवली नव्हती. त्या दुपारी मी नाक्यावरून सहा मजूर आणले आणि गेट उघडून सिमेंट आत घेतलं. अर्धवट सुकलेल्या चुन्यावर, जोत्यापासून खिडकीच्या माथ्यापर्यंत, आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा चढवला. तिसऱ्या दिवशी आतून ऑइलपेंट. भिंत चकचकीत दिसत होती. तुझ्याकडे हळदीला मी आलो नाही. आहेर शिपायाबरोबर पाठवला आणि अंगात कणकण आहे असं सांगायला लावलं.

तू परत आलास तेव्हा तुझ्या नखांत हळद होती. भिंतीवर बोटानं टकटक केलंस, कान लावलास.

"कुनी केलं?"

"मी."

तू सरळ नळावर गेलास आणि थापी धुवायला लागलास. मी मागे धावलो. हात जोडले, बाळाराम. उद्घाटन होऊ दे, म्हणालो, दिवाळीच्या सुट्टीत सगळं खरवडून तू पुन्हा चुन्यात कर. तोवर कुणाला बोलू नकोस.

"सबद देता?"

"देतो."

"मंग मीबी देतो." थापी फडक्यानं पुसून तू पिशवीत ठेवलीस आणि उरलेल्या कामाला लागलास.

दिवाळीत तू आलास. मी म्हणालो, परीक्षांचे पेपर वर्गात ठेवलेत, मे महिन्यात बघू. मेमध्ये आलास, म्हणालो, प्राचार्य बदललेत, नव्यांना समजावायला वेळ लागेल. तिसऱ्यांदा आलास तेव्हा भिंतीला तळाशी पोट आलं होतं. तू त्या फुगवट्यावर हात ठेवलास आणि म्हणालास, "सायेब, ही परल." मी म्हणालो, "पावसाळा जाऊ दे."

पावसाळा सरता सरता, परीक्षा चालू असताना, पश्चिमेच्या भिंतीचा दाराएवढा पोपडा सुटला. खिडकीजवळ बसलेल्या एका मुलीच्या खांद्याचं हाड मोडलं. ती बरी झाली. पण तिचे वडील कॉलेजात आले तेव्हा ते कुणावर ओरडतायत हे त्यांनाही कळत नव्हतं, आणि मी त्यांच्यासमोर उभा राहून "चौकशी होईल" म्हणत होतो.

चौकशी माझ्याकडेच आली. संस्थेत इंजिनिअर एकच होता. अहवाल मी लिहिला. त्यातली दोन वाक्यं मला अजून पाठ आहेत. "चुन्याची जुनी पद्धत या इमारतीस अयोग्य असल्याचे निदर्शनास आले." आणि, "मुख्य कारागीर कामाच्या निर्णायक टप्प्यात घरगुती कारणास्तव चार दिवस गैरहजर राहिल्याने कामाच्या दर्जावर परिणाम झाला." सिमेंटचा त्यात उल्लेख नव्हता. पडलेला मलबा मी त्याआधीच उचलायला लावला होता. पेसूमलजींनी गोण्या आत येताना पाहिल्या होत्या, पण त्यांनी मला काही विचारलं नाही आणि मी त्यांना काही सांगितलं नाही. पुढे चार वर्षांनी ते वारले.

समितीसमोर तुला बोलावलं. तू दाराजवळ उभा होतास, टोपी हातात. एका सदस्यानं विचारलं, "मिस्त्री, हे तुमचंच काम ना?" तू माझ्याकडे पाहिलंस. किती वेळ, सांगता येणार नाही. मी कागदांना टाचणी लावत होतो.

"भित माजी हाय," तू म्हणालास.

दिलेला शब्द तू त्या दाराजवळ पाळलास. माझा शब्द मी कधीच मोडून टाकला होता, तरी तू तुझा पाळलास. हे कशासाठी केलंस, हे मला तुला विचारायचं होतं. शब्दासाठी? की मी समोर बसलेला असताना मला तोंडघशी पाडणं तुला जमलं नाही? आता कुणाला विचारू?

त्या अहवालावरून लांब बराक पाडली गेली. तिच्या जागी चार मजली इमारत झाली, पश्चिमेला सगळी काच. दुपारी तिथे पडदे ओढून दिवे लावतात आणि वातानुकूलन यंत्रांचं पाणी खालच्या व्हरांड्यात ठिबकतं. वीज गेली की मुलं वह्या घेऊन लायब्ररीच्या बराकीत येऊन बसतात. मी निवृत्त होईपर्यंत हे रोज बघत होतो.

चुन्याचं काम तुला पुन्हा कुणी दिलं नाही. बदलापूरला टॉवर उभे राहत होते, तिथे तू फरशा बसवायला लागलास. गुडघे गेले तेव्हा तिथल्याच एका सोसायटीत वॉचमन झालास. तिथेच राहणाऱ्या माझ्या भाच्याकडे आलो होतो तेव्हा तू गेटवर निळा शर्ट घालून उभा होतास. मला पाहून उठून सलाम केलास. "सायेब, लिफ्ट बंद हाय, दमानं चरा." मी चार मजले चढलो आणि प्रत्येक जिन्यावर थांबलो, आणि ते दम लागला म्हणून नव्हे. उतरताना मागच्या गेटनं गेलो.

यंदा दिवाळीनंतर शलाका माझ्याकडे आली. बदलापूरची आर्किटेक्ट आहे, आमच्याच कॉलेजातून बारावी झालेली. लायब्ररीची बराक पाडायची की ठेवायची यावर संस्थेनं तिचं मत मागितलं होतं. तिला ती ठेवायची होती, पण शोभेसाठी नव्हे. छपराची बुजवलेली फट उघडायची, पावसाचं पाणी साठवायचं, वीज कमी लागेल असं करायचं. फोनवर तिनं फोटो दाखवला. पुस्तकांची कपाटं हलवली होती आणि मागे तुझी नमुन्याची भिंत होती. एक चीर नाही, एक डाग नाही.

"काका, हे कोणी केलंय? आणि तुमच्या रिपोर्टमध्ये चुना अयोग्य असं कसं लिहिलंय? कमिटी तोच रिपोर्ट पुढे करतेय. चुना टिकत नाही, मुलीला लागलं होतं, पाडा. ॲक्च्युअली, मला कळतच नाहीये. सही तुमची आहे."

"आठवत नाही गं," मी म्हणालो. "खूप वर्षं झाली."

पण तिच्यासाठी मिस्त्रीचा पत्ता शोधतो, असं सांगून मी जांभूळला आलो. तू खाटेवर होतास, छाती वाजत होती. मी फोटो दाखवला. तू पडद्यावर बोट फिरवलंस तसा फोटो मोठा झाला आणि तू दचकलास, मग हसलास. "बरी हाय की आपली भित." आपली, म्हणालास. मी सांगितलं, आता त्यांना छपरावर सोलर पॅनेल लावायचेत, आणि माजी विद्यार्थी म्हणतात कौलांचं रूप बिघडेल.

"रूप राऊ द्या, वासं थकलंत. वजन झेलायचं नाय. सायकल स्टँडवर टाका की ते. तितं ऊनबी सगला दिस."

"आणि पूर्वेच्या खिडक्या?"

"आता तरी पारा!" तुला खोकला आला, तरी हसू थांबलं नाही. एकवीस वर्षांनी पुन्हा लिंबाखाली बसल्यासारखं वाटलं. मग छताकडे बघत म्हणालास, "आजून काय, सायेब?"

"काही नाही. तब्येतीला जप."

थोड्या वेळानं पुन्हा विचारलंस, "आजून काय?"

मी म्हणालो, पुढच्या आठवड्यात शलाकाला घेऊन येतो. तू मान हलवलीस. मी चपला घातल्या. पुढच्या आठवड्यात गुडघ्याचं कारण सांगितलं, त्याच्या पुढच्या आठवड्यात पाहुण्यांचं. मग वनिताचा फोन आला. "सायेब, बाबा गेलं."

दहाव्याला माझ्या त्या पोकळ भाषणानंतर वनितानं चहा आणून दिला. त्रेचाळिशीची आहे आता, तुझ्यासारखीच रुंद कपाळाची. कप हातात देऊन ती तिथेच उभी राहिली.

"तुमी चांगलं बोललाव, सायेब. पन त्यांचं नाव माज्यामुलं गेलं. माज्या हलदीला चार दिस आलं नसतं तर काम बिगरलं नसतं. सासूबाय आजून बोलतात मना, पांढऱ्या पायाची. घरात यायच्या आदी बापाला बुरवलास, म्हनतात. बाबा बोलायचं, तुजा काय दोस नाय. पन मंग कुनाचा, ते कदी नाय बोललं."

मी कप खाली ठेवला. 'घरगुती कारणास्तव गैरहजर' हे लिहिताना मला वाटलं होतं, यात कुणाचं नाव नाही. पण ते वाक्य तुमच्या गावात कसं पोचलं, कुणाच्या तोंडून, कुणास ठाऊक. बावीस-तेवीस वर्षांच्या पोरीच्या मागोमाग ते तिच्या सासरी गेलं आणि वीस वर्षं तिच्याबरोबर राहिलं. मी तुझं नाव हिरावून घेतलं होतं एवढंच मला माहीत होतं. तिचं काय घेतलं ते मला ठाऊकच नव्हतं.

तरीही त्या क्षणी मी बोललो नाही. हेही लिहून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी मी संस्थेला पत्र दिलं. सिमेंट मी आणलं, मी चढवायला लावलं, अहवाल खोटा आहे, तो लिहिला मी, बाळाराम मिस्त्री निर्दोष आहे, हे पत्र त्या अहवालाला कायम जोडावं. समितीनं लगेच बोलावलं. आताचे सेक्रेटरी पत्र वाचून बराच वेळ चष्मा पुसत राहिले. "साहब, ये आप पहले बोलते तो वो बराक आज खड़ी होती." मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? लायब्ररीची बराक पाडायचा ठराव त्यांनी मागे घेतला. बाहेर आल्यावर शलाकानं वही काढली. मग म्हणाली, "काका, मला चुना करणारा माणूस हवाय. आहे का कुणी?" मी तिला खड्डा, हरड्याचं पाणी, महिनाभर मुरवणं, जे पाहिलं होतं ते सांगत गेलो आणि ती लिहून घेत होती. कधी मुरला हे तू कशावरून ओळखायचास, ते तिनं विचारलं. मला माहीत नाही, बाळाराम. तू बोटावर घेऊन बघायचास एवढंच आठवतं. बघायचास म्हणजे काय, ते मी कधी विचारलंच नाही.

परवा तुझं तेरावं झालं. अंगणात मांडव, पानं मांडायची तयारी चाललेली. मी वनिताला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. सिमेंट, शब्द, अहवालातलं ते वाक्य. ती ऐकताना पदराचा काठ बोटाला गुंडाळत होती. शेवटी म्हणाली, "म्हनजे मी हलदीला बसली तवा तुमी…" मी माफ कर म्हणणार होतो. तिनं हात वर केला.

"मना नका सांगू. तितं चला."

बायकांच्या घोळक्यात, खांबाला टेकून तिची सासू बसली होती. तिच्यासमोर मला उभं करून वनिता म्हणाली, "सासूबाय, हे कॉलेजचं सायेब. आयका काय बोलतात ते."

मी सांगायला लागलो. म्हातारीनं कानाला हात लावला. "मोट्यानं बोला. आयकू येत नाय."

मी आवाज चढवला. भाकरी थापणाऱ्या बायका थांबल्या.

"आजून मोट्यानं."

मग मी ओरडलो, बाळाराम. तुझ्या अंगणात, शंभर माणसांत, शहात्तराव्या वर्षी ओरडून सांगितलं की भिंत मी बिघडवली, तुझा दोष नव्हता, पोरीच्या हळदीचा तर नव्हताच नव्हता. पुरुष मांडवातून उठून आले. वनिताचा नवरा आला. कुणी मला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

म्हातारी माझ्याकडे बघत राहिली. "एवरी वर्सं कुठं व्हतं तुमी?"

मी जेवायला थांबावं की नाही या विचारात तिथेच उभा होतो, तेव्हा वनिता जवळ आली आणि हळू म्हणाली, "सायेब, तुमी घरी जा. आज तुमचं पान इतं नको." आवाजात राग नव्हता. एखादं काम बरोबर कसं करायचं ते तू सांगायचास, तसं तिनं सांगितलं. मी हो म्हणालो.

अंगण ओलांडून रस्त्याला लागलो तेव्हा मागून म्हातारीचा आवाज ऐकू आला. "वनिता, इकरं ये. बस माज्या बाजूला."

ती बसली की नाही, मला माहीत नाही. मी मागे वळून पाहिलं नाही.